शॅपचा घाट आणि ईडन खोऱ्यातील मालट्रक : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात उत्तर इंग्लंडमधील ईडन खोऱ्यावर एक प्रवासलेख प्रसिद्ध झाला होता. पेनरिथ, ॲपलबी, कर्बी स्टीफन ही छोटी बाजारगावे, दोन्ही अंगांना पसरलेले डोंगर आणि मेंढ्यांचे कळप यांचे वर्णन त्यात होते; मात्र लेखिकेने जाता जाता उल्लेखिलेल्या अरुंद रस्त्यांवरील अवाढव्य मालट्रकांविषयीच वाचकांनी सर्वाधिक प्रश्न विचारले आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. एक खुलासा आधी केलेला बरा. ईडन हा १९७४ ते २०२३ या काळात कंब्रिया परगण्यातील एक जिल्हा होता आणि इंग्लंडमधील सर्वांत विरळ वस्तीच्या जिल्ह्यांत त्याची गणना होई. एप्रिल २०२३ पासून तो वेस्टमोरलँड अँड फर्नेस या नव्या प्रशासकीय घटकात विलीन झाला आहे. पुढील उत्तरांत ‘ईडन’ म्हणजे हा जुना जिल्हा असे समजावे.

प्रश्न : या खोऱ्यातून दोन मोठे लोहमार्ग जातात, असे लेखात म्हटले आहे. रेल्वे दाराशी असताना मालट्रकांनी येथे जम कसा बसवला?

उत्तर : रेल्वे गावाजवळ आली होती, शेताच्या दाराशी कधीच आली नव्हती. लँकेस्टर–कार्लाइल मार्ग १८४६ साली शॅपच्या डोंगरावरून गेला. सेटल–कार्लाइल मार्गावर १८७५ मध्ये मालगाड्या आणि पुढच्या वर्षी प्रवासी गाड्या धावू लागल्या. शिवाय पूर्वेकडील डरहॅमचा कोक (भट्टीत भाजलेला कोळसा) स्टेनमोरचा घाट ओलांडून पश्चिमेकडील लोखंडाच्या कारखान्यांकडे नेणारा तिसरा मार्गही होता. परंतु स्थानकापासून शेतापर्यंतचे उरलेले चार-सहा मैल घोडागाडीनेच काटावे लागत. खताचे पोते वॅगनमधून फलाटावर, फलाटावरून गोदामात आणि गोदामातून गाडीत असे तीन-तीनदा उचलले जाई आणि दर वेळी मजुरी पडे.

पहिल्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या लॉऱ्या स्वस्तात विक्रीस निघाल्या आणि त्या चालवण्यास सैन्यात शिकलेले तरुणही गावोगाव परतले. ईडनसारख्या भागात पहिली लॉरी घेणारा मनुष्य बहुधा आधीपासून दुसऱ्या एखाद्या धंद्यात असे. कोणी कोळशाचा व्यापारी, कोणी खाणीचा कंत्राटदार, कोणी बाजारच्या दिवशी आसपासच्या गावांचा माल घोडागाडीने नेणारा. त्याच्या गाडीला ठरलेले एक काम नसे. सपाट पाटा असलेल्या लॉरीवर एके दिवशी कोळसा, दुसऱ्या दिवशी गवताचे भारे, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी त्याच पाट्यावर लाकडी पिंजरा चढवून मेंढ्या, अशी कामे चालत. कोळशानंतर गाडी किती मनापासून धुतली जात असे, हे मेंढ्यांनाच ठाऊक!

रेल्वे कंपन्या स्वस्थ बसल्या नव्हत्या. १९२८ साली रस्त्यावरून वाहतूक करण्याचे अधिकार त्यांनी संसदेकडून मिळवले, आणि १९३४ पासून स्कॅमेल कंपनीची तीन चाकांची छोटी ओढगाडी स्थानकांच्या आवारात घोड्याची जागा घेऊ लागली. तरीही पारडे फिरले ते फिरलेच. स्टेनमोरचा मार्ग १९६२ साली बंद झाला, पेनरिथ–केझिक मार्ग १९७२ साली. सेटल–कार्लाइल मार्गही बंद होणार होता. तो १९८९ साली सरकारने निर्णय फिरवल्यामुळे वाचला.

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये असतो. त्याच्या शेजारी एक वृद्ध निवृत्त ट्रकचालक राहतात. ‘शॅप’ हे नाव निघाले की ते तासभर बोलत राहतात. केवळ १,४०० फूट उंचीच्या घाटाची एवढी धास्ती का असावी?

उत्तर : उंचीचा आकडा येथे फसवा आहे. घाटाच्या दक्षिणेकडील केंडल हे गाव समुद्रसपाटीपासून फार वर नाही. तेथून निघालेला ए-६ हा रस्ता दहा-एक मैलांत सुमारे १,४०० फुटांवर पोहोचतो, तोही सलग चढत नाही. मध्येच उतार लागतो, मिळवलेली उंची हातची जाते आणि हक्स ब्रोसारखी चढण पुन्हा नव्याने चढावी लागते. १९७० पूर्वी ग्लासगो आणि इंग्लंडचा वायव्य भाग यांच्यामधील बहुतेक अवजड वाहतूक याच एका रस्त्याने होत असे.

आता तेव्हाच्या गाड्या पाहू. चालकांच्या विश्वासातले इंजिन म्हणजे मँचेस्टरजवळ पॅट्रिक्रॉफ्ट येथे बनणारे गार्डनर ६एलडब्ल्यू. हे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन १०२ अश्वशक्तीचे होते आणि सँडबॅचची फोडेन व ईआरएफ, प्रेस्टनची ॲटकिन्सन अशा कंपन्या ते आपल्या गाड्यांना बसवत. आठ चाकी लॉरीला मालासह २२ टनांपर्यंत परवानगी होती, म्हणजे दर टनामागे पाच अश्वशक्तीही मिळत नसे. आजचा ४४ टनांचा ट्रेलर साडेचारशे-पाचशे अश्वशक्तीच्या इंजिनाने ओढला जातो, म्हणजे टनामागे दुपटीहून अधिक जोर असतो. भरलेली लॉरी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर माणसाच्या चालीने घाट चढे आणि तिच्यामागे तशाच लॉऱ्यांची रांग लागे. पुढची गाडी थांबली की मागच्या सगळ्या थांबणार, आणि बर्फाळ चढणीवर थांबलेली भरली गाडी पुन्हा हलवणे हे दिव्यच. चढणीपेक्षा उतार अधिक घातक होता. सतत दाबून तापलेले ब्रेक पकड सोडत. म्हणून ज्या गिअरवर चढायचे त्याच गिअरवर उतरायचे, हा जुन्या चालकांचा दंडक होता. वेळ आणि डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर गाडी सोडणारेही होते. ते बेकायदेशीर होते आणि अनेकांना महागात पडले.

केबिनमध्ये हीटर नसे. दोन आसनांच्या मधोमध असलेल्या इंजिनाच्या झाकणाची जी ऊब मिळेल तेवढीच. रेडिएटरपुढे पोत्याचे तरट बांधले जाई. १९६२-६३ च्या हिवाळ्यासारख्या कडाक्यात टाकीतले डिझेलच मेणासारखे घट्ट होऊ लागे. मालावरील ताडपत्री आणि दोर हा आणखी एक ताप होता, कारण बंद डब्याच्या गाड्या तेव्हा कमी होत्या. पाट्यावरचा माल ताडपत्रीने झाकून दोरांनी आवळायचा, दोराला चालकांची ती ठरावीक दुहेरी फासाची गाठ मारायची, आणि पावसात भिजून दोर सैल पडला की वाटेत उतरून गोठलेल्या बोटांनी तो पुन्हा ताणायचा. नव्या पोराला लॉरीचे स्टिअरिंग हाती देण्याआधी ही गाठ शिकवली जाई.

घाटावर चालकांची ओळखीची ठिकाणे होती. दक्षिणेकडच्या चढणीवरचे ‘जंगल कॅफे’ हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. लेलँड या ट्रक-कंपनीने जाहिरातीसाठी रस्त्याकडेला उभारलेले मोठे घड्याळही येथे होते. आता ते केंडलमध्ये जतन करून ठेवले आहे. हिमवादळात अडकलेल्या चालकांना आसपासच्या शेतकऱ्यांनी आणि शॅप गावातील लोकांनी घरात घेऊन जेवू घातल्याचे प्रसंग दर हिवाळ्यात घडत. घाटमाथ्यावर आज एक स्मारकशिला आहे. तिच्यावर गाड्यांच्या चालकांबरोबरच रस्ता बांधणारे, तो राखणारे आणि अडकलेल्या प्रवाशांना अन्न व आसरा देणारे स्थानिक लोक यांचेही स्मरण केलेले आहे. ट्रकचालकांच्या कष्टांची अशी जाहीर नोंद इंग्लंडमध्ये विरळाच. आपल्या मुलाच्या शेजाऱ्यांना तासभर बोलू द्यावे, हे उत्तम.

प्रश्न : पेनरिथहून माल घेऊन निघालेला चालक लंडनला तो उतरवून त्याच दिवशी घरी परतू शकतो का? पूर्वी किती वेळ लागत असे?

उत्तर : परतू शकत नाही. अंतर एका बाजूने सुमारे २८० मैल आहे. कायद्याने दिवसाला ९ तास गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा १० तास. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची असते. मोठ्या ट्रकचा वेग यंत्राने ताशी ५६ मैलांवर रोखलेला असतो. सरासरी ५० मैल धरली तरी जाण्याला साडेपाच तासांहून अधिक लागतात, म्हणजे जाऊन येण्याचे अकरा तास झाले. कायद्यात ते बसत नाही. म्हणून चालक एक तर केबिनमागच्या बिछान्यावर रात्र काढतो, किंवा मधल्या एखाद्या ठिकाणी दक्षिणेकडून आलेल्या सहकाऱ्याशी ट्रेलरची अदलाबदल करून दोघेही आपापल्या घरी परततात.

पूर्वीचा हिशेब याहून मजेदार आहे. १९३० च्या कायद्याने दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली होती आणि अवजड लॉरीला ताशी २० मैलांहून अधिक वेगाची परवानगी नव्हती. ही वेगमर्यादा १९५७ पर्यंत टिकली. त्यानंतर ती ३० मैल झाली. २८० मैलांना २० ने भागले की १४ तास येतात, म्हणजे कायदा पाळणारा चालक लंडनला दुसऱ्या दिवशीच पोहोचणार. व्यवहारात वेग आणि तास दोन्ही सर्रास मोडले जात व लॉगबुकात हवा तो आकडा भरला जाई. मालकालाही ते ठाऊक असे. टॅकोग्राफ हे वेग आणि वेळ आपोआप नोंदवणारे यंत्र युरोपीय नियमांनुसार बसवण्यास ब्रिटनने बराच काळ टाळाटाळ केली. १९७९ साली युरोपीय न्यायालयाने देशाविरुद्ध निकाल दिला, तेव्हा कोठे ते सक्तीचे झाले. कामगार संघटनांनी या यंत्राला ‘केबिनमधला हेर’ म्हणून विरोध केला होता. माझ्या मते त्या यंत्राने चालकाचे स्वातंत्र्य थोडे घेतले खरे, पण ‘रात्रीतून पोहोचलाच पाहिजेस’ असे म्हणणाऱ्या मालकापासून त्याची सुटका केली.

प्रश्न : ‘ए, बी, सी परवाने’ म्हणजे काय होते? दोन-तीन लॉऱ्यांच्या खेड्यातील मालकावर त्यांचा कितपत परिणाम झाला?

उत्तर : फार मोठा झाला, किंबहुना कोणी काय वाहायचे आणि कुठवर वाहायचे हे जवळपास चाळीस वर्षे याच परवान्यांनी ठरवले. १९३३ च्या रस्ते व रेल्वे वाहतूक कायद्याने तीन वर्ग केले. भाड्याने इतरांचा माल वाहणाऱ्याला ए परवाना, स्वतःचा आणि इतरांचा असा दोन्ही माल वाहणाऱ्याला बी, आणि केवळ स्वतःचाच माल नेणाऱ्याला सी. सी परवाना मागितला की मिळे. बी परवान्याला मात्र ‘अमुक मैलांच्या आत, अमुकच माल’ अशा अटी घालता येत. ए किंवा बी परवान्यासाठी अर्ज केला की रेल्वे कंपन्या आणि आधीपासून धंद्यात असलेले वाहतूकदार सुनावणीत हरकत घेत आणि ‘या गाडीची गरज आहे’ हे अर्जदाराने सिद्ध करावे लागे. ज्याच्याकडे वकील लावण्याइतका पैसा नसे, त्याने काय सिद्ध करायचे? म्हणून जुना परवाना हीच मालमत्ता होऊन बसली. लॉरी मोडकळीस आलेली असली तरी परवान्यामुळे धंद्याला किंमत येई.

पुढे मजूर पक्षाच्या सरकारने १९४७ च्या कायद्याने लांब पल्ल्याची मालवाहतूक राष्ट्रीयीकृत केली. १९४८ पासून ‘ब्रिटिश रोड सर्व्हिसेस’च्या नावाने गाड्या धावू लागल्या आणि खासगी मालकांना आपल्या तळापासून २५ मैलांच्या आतच काम करण्याची मर्यादा पडली. ईडनमध्ये २५ मैल म्हणजे काय, हे नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही. पेनरिथहून कार्लाइल त्यात बसते. न्यूकॅसल, लँकेस्टर, डार्लिंग्टन ही बाहेर राहतात. मात्र गुरे, मांस, टाकीतून जाणारे द्रव पदार्थ आणि घरसामान अशा काही प्रकारच्या मालाला या बंधनातून सूट होती. त्यामुळे गुरे वाहणारे ग्रामीण मालक तगले आणि सर्वसाधारण माल दूरवर नेणाऱ्यांना सरकारने विकत घेतले. १९५१ साली सत्तापालट झाला, १९५३ च्या कायद्याने लॉऱ्या पुन्हा खासगी हातांत विकल्या जाऊ लागल्या आणि कित्येकांनी भरपाईच्या पैशातून नवा डाव मांडला.

ए-बी-सी पद्धत १९६८ च्या वाहतूक कायद्याने मोडीत काढली. तिच्या जागी ‘ऑपरेटर परवाना’ आला. गरज सिद्ध करण्याची अट गेली. गाड्या सुस्थितीत ठेवतोस का आणि नियम पाळतोस का, एवढेच पाहिले जाऊ लागले. दूध आणि जनावरे यांच्यापलीकडे जाऊ पाहणाऱ्या खेड्यातील तरुणांना त्यामुळे प्रथमच मोकळे रान मिळाले. योगायोग असा की, शॅपवरून एम-६ हा मोटारवेही (केवळ मोटारगाड्यांसाठीचा वेगवान महामार्ग) त्याच सुमारास खुला झाला.

प्रश्न : दूध आणि गुरे यांच्या वाहतुकीविषयी माहिती द्यावी. दुधाचे ते मोठे कॅन आता केवळ शोभेला दिसतात, ते केव्हा बंद झाले?

उत्तर : १९७९ साली. दुग्ध विपणन मंडळ १९३३ मध्ये स्थापन झाले, तेव्हापासून शेतकऱ्याच्या दुधाला ठरलेला ग्राहक मिळाला आणि लॉरीवाल्याला रोजचे ठरलेले काम. प्रत्येक शेताच्या फाटकापाशी लॉरीच्या पाट्याच्या उंचीइतका दगडी वा लाकडी ओटा असे. दहा गॅलनचा, म्हणजे सुमारे ४५ लिटरचा, भरलेला कॅन ५० किलोंहून अधिक भरतो. चालक तो उचलत नसे; बुडाच्या कडेवर तिरपा करून गोल फिरवत ओट्यावरून पाट्यावर सरकवी, दोन्ही हातांनी दोन कॅन एकदम फिरवणारे वस्तादही असत. जितके कॅन भरलेले घ्यायचे तितकेच धुतलेले रिकामे ओट्यावर ठेवायचे. उन्हाळ्यात लॉरी उशिरा आली तर दूध नासे, आणि नुकसान कोणाचे यावरून वाद होत. ॲपलबीच्या दुग्धशाळेत हे दूध गोळा होई आणि तेथून रेल्वेने लंडनकडे जाई.

पुढे शेतावरच थंड टाक्या बसल्या आणि नळी जोडून दूध ओढून घेणारे टँकर आले. टँकर आला तसा रस्त्याचा प्रश्नही आला, कारण जिथे छोटी लॉरी वळे तिथे टँकर वळत नाही. आवारात टँकर फिरवण्याइतकी जागा नसलेल्या किंवा टाकीचा खर्च न पेलणाऱ्या अनेक छोट्या डोंगरी शेतकऱ्यांनी दुभती जनावरे विकून टाकली आणि मेंढ्यांकडे मोर्चा वळवला. वाहनाच्या आकाराने शेतीची पद्धत बदलल्याचे हे ठळक उदाहरण आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही.

गुरांची गोष्ट थोडी निराळी आहे. पूर्वी ती पायी बाजारात हाकत नेली जात, नंतर रेल्वेच्या वॅगनांतून, नंतर लॉरीतून. आज शरद ऋतूत पेनरिथ आणि कर्बी स्टीफनच्या लिलावांना मेंढ्यांच्या तीन मजली गाड्या येतात. या वाहतुकीला सर्वांत मोठा धक्का बसला तो २००१ साली. लाळ्या-खुरकूत रोगाची साथ फेब्रुवारीत उघडकीस आली, तोपर्यंत हेक्सॅम आणि कंब्रियातीलच लाँगटाउन येथील बाजारांतून विकलेल्या मेंढ्यांबरोबर ती देशभर पोहोचली होती. देशात २,०२६ ठिकाणी रोग आढळला आणि त्यांपैकी ८९३ एकट्या कंब्रियात होती. जनावरांच्या हालचालींवर बंदी आली. ज्या मालकांच्या गाड्या वर्षानुवर्षे जिवंत मेंढ्या नेत, त्यांतील काहींना उदरनिर्वाहासाठी त्याच मेंढ्यांचे मृतदेह वाहण्याचे काम पत्करावे लागले. कार्लाइलजवळ ग्रेट ऑर्टनच्या जुन्या विमानतळावर चार लाखांहून अधिक जनावरे पुरली गेली. त्यानंतर नियम कडक झाले. शेतात नवी गाय वा मेंढी आली की सहा दिवस तेथून इतर जनावरे हलवता येत नाहीत, आणि गाडी धुऊन निर्जंतुक केल्याशिवाय पुढची खेप भरता येत नाही. बाजाराच्या संध्याकाळी धुण्याच्या जागेपाशी लागणारी गाड्यांची रांग हा आता कामाचाच एक भाग आहे.

प्रश्न : मुलींची नावे असलेले ते प्रसिद्ध हिरवे ट्रक याच भागातले ना?

उत्तर : होय, एडी स्टोबार्ट ही कंपनी ईडनच्या सीमेला लागून असलेल्या हेस्केट न्यूमार्केट या खेड्यातली. एडी स्टोबार्ट हे शेतांना खत व चुना पुरवण्याचे आणि पसरण्याचे कंत्राट घेत. ट्रक हे त्या धंद्याचे उपांग होते. १९७० मध्ये कंपनीची नोंदणी झाली, पुढे मुलगा एडवर्ड याने मालवाहतुकीची सूत्रे घेतली आणि १९७६ साली बिऱ्हाड कार्लाइलला हलवले. मोटारवेच्या काठी जाणे ही त्याची खरी चाल होती; नावे, चकचकीत रंग आणि चालकांना टाय बांधायला लावणे ही कीर्ती नंतरची. पहिल्या गाडीचे नाव ट्विगी या मॉडेलवरून ठेवले होते. एडवर्ड २०११ साली वारला आणि २०२१ पासून कंपनी क्युलिना या समूहाच्या मालकीची आहे.

मात्र ईडनमध्येच राहून मोठी झालेली कंपनी पाहायची असेल, तर पेनरिथजवळ क्लिफ्टन येथील ए. डब्ल्यू. जेन्किन्सन पाहावी. लाकडाचा भुसा, साली आणि तुकडे ही इतरांनी टाकाऊ मानलेली वस्तू करवती गिरण्यांतून उचलून गोठ्यांना, फळ्यांच्या कारखान्यांना आणि वीजकेंद्रांना पोहोचवण्यावर तिने आपला व्याप उभारला. तिचे बरेच ट्रेलर सरकत्या तळाचे असतात, त्यामुळे माल उतरवण्यासाठी ट्रेलर उचलावा लागत नाही.

प्रश्न : आज या भागात एखाद्याला एकच ट्रक घेऊन धंदा सुरू करता येईल का?

उत्तर : येईल, पण ट्रक घेणे हा त्यातला सोपा भाग आहे. साडेतीन टनांवरील मालवाहू गाडीने धंदा करण्यास वाहतूक आयुक्तांचा ऑपरेटर परवाना लागतो. इतरांचा माल वाहायचा असेल तर पहिल्या गाडीसाठी ८,००० पौंड आणि पुढील प्रत्येक गाडीसाठी ४,५०० पौंड हाताशी असल्याचे दाखवावे लागते, शिवाय व्यावसायिक परीक्षा उत्तीर्ण झालेला वाहतूक व्यवस्थापक हवा; तो मालक स्वतः असू शकतो. गाडी रात्री जिथे उभी राहणार ती जागा परवान्यात नोंदवायची आणि अर्जाची जाहिरात स्थानिक वृत्तपत्रात द्यायची. जवळ राहणाऱ्यांना २१ दिवसांत हरकत घेता येते, आणि खेड्यांत ती घेतली जातेही. पहाटे चारला सुरू होणारे इंजिन शेजाऱ्याला आवडत नाही, मग तो शेजारी शेतकरी असो वा निवृत्तीनंतर शांततेसाठी येथे घर घेतलेला शहरी माणूस. दुसऱ्या प्रकारच्या हरकती अधिक असतात, असे मला वाटते.

ग्रामीण मालकाची आणखी एक तक्रार ऐकू येते ती ट्रॅक्टरविषयी. २०१५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरला ताशी २५ मैल वेगाने ट्रॉलीसह ३१ टनांपर्यंत वजन नेता येते. शेतीकामात ट्रॅक्टर लाल रंगाच्या सवलतीच्या डिझेलवर चालतो. २०२२ च्या कपातीनंतर त्यावर लिटरमागे सुमारे १० पेन्स कर होता, तर ट्रकच्या डिझेलवर ५२.९५ पेन्स. गवत, धान्य, शेणखत अशी जवळपासची कामे त्यामुळे ट्रकवाल्याच्या हातून निसटतात. शेतकरी म्हणतो, माझा माल माझ्या ट्रॅक्टरने नेण्यात गैर काय? स्वतःचा माल असेपर्यंत त्याचे बरोबर आहे. शेजाऱ्याचा माल भाड्याने नेऊ लागला की वाद सुरू होतो.

प्रश्न : एवढे मोठे ट्रक खेड्यांतून नेण्यास बंदी का घालत नाहीत?

उत्तर : काही रस्त्यांवर बंदी आहे. साडेसात टनांवरील गाड्यांना मज्जाव करणारे फलक अनेक गावांच्या वेशीवर दिसतात, परंतु त्यांखाली बहुधा ‘गावात काम असल्यास सूट’ असे लिहिलेले असते. पशुखाद्य, दूध, घर बांधण्याचे साहित्य यांसाठी ट्रक आत येणारच. मोटारींसाठी बनवलेल्या दिशादर्शक यंत्राच्या भरवशावर अरुंद गल्लीत शिरून दगडी भिंतींमध्ये अडकणारा परका ट्रक हा निराळा प्रकार आहे. ट्रकसाठी उंची-रुंदी लक्षात घेणारी वेगळी यंत्रे मिळतात, पण ती महाग असतात.

पुलांचीही मर्यादा आहे. पेनरिथहून आल्स्टनकडे जाणाऱ्या ए-६८६ रस्त्यावर लँगवदबी येथे ईडन नदीवर जुना दगडी पूल होता. तो १९६८ च्या पुरात वाहून गेला आणि तेथे एकेरी वाहतुकीचा लोखंडी पूल तात्पुरता म्हणून टाकण्यात आला. तो तात्पुरता पूल आजही वापरात आहे, आणि दोन्ही बाजूंचे ट्रक सिग्नलवर आपली पाळी येण्याची वाट पाहतात.

मोठ्या रस्त्यांवर बाह्यवळणांनी बराच फरक पडला. एम-६ शॅपवरून १,०३६ फुटांवरून जातो, म्हणजे जुन्या घाटाहून बराच खालून, आणि तो १९७० साली सुरू झाल्यावर शॅप गावाची लांबलचक पेठ एका रात्रीत शांत झाली. जंगल कॅफेसारख्यांचा धंदा त्यात बुडाला. दुसरीकडे, मोटारवेने ज्यांचे शेत कापले त्या टीबे येथील एका शेतकरी दांपत्याने १९७२ साली त्याच मोटारवेवर उपाहारगृह काढले आणि ते आजही नावाजलेले आहे. ए-६६ या पूर्व-पश्चिम रस्त्यावर ब्रफ, ॲपलबी आणि २००७ साली टेम्पल सोअरबी यांना बाह्यवळणे मिळाली. पेनरिथ ते स्कॉच कॉर्नर या ५० मैलांपैकी सुमारे १८ मैल मात्र अद्याप दुपदरीच आहेत, आणि या रस्त्यावरील दर चार वाहनांत एक अवजड असते. ज्या कर्बी थोर गावात जिप्समच्या फळ्यांचा कारखाना आहे, तेथील ट्रक गावातल्या रस्त्यांवरूनच ये-जा करतात. उरलेला रस्ता चौपदरी करून कर्बी थोरला वळसा घालण्याच्या योजनेला मार्च २०२४ मध्ये सरकारची मंजुरी मिळाली. नव्या रस्त्यावरून कारखान्याकडे जाण्याची वेगळी सोय त्या योजनेत आहे, आणि गावकऱ्यांचा प्रमुख आग्रहही तोच होता.